बाभळ्याला चार चार्जर

डिंडोलीतल्या त्या सोसायटीत पहिल्या मजल्याच्या एका खिडकीतून काळी वायर खाली उतरायची. पाण्याच्या पाइपाला दोन जागी सुतळीनं बांधलेली, आणि खाली गल्लीत उभ्या असलेल्या बॅटरीच्या टेम्पोत तोंड खुपसलेली. टेम्पो चिंधा बोरसेचा, वायरही त्याचीच, आणि त्या वायरीपायी रोज दोन शब्द ऐकून घेणं हेही त्याच्याच वाट्याचं.

ऐकवणारा पांडुरंग जिभाऊ, सोसायटीचा चेअरमन. तो परका असता तर चिंधानं त्याला कधीच गप्प केला असता. पण जिभाऊ पारोळ्याकडचा, म्हणजे आपलाच माणूस, आणि आपल्या माणसाचं बोलणं जास्त झोंबतं. जानेवारीत वायर तापून जिन्याखालचं मीटरचं खोकं एका बाजूनं काळं पडलं, त्या दिवशी जिभाऊ वर आला, चहा प्याला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "चिंधा, मी बी खानदेशना शे. पन मिरग लागाना पयले वायर निंघाले पाहिजे. पानी पडनं, पाइपमा करंट उतरना, तं कोना पोऱ्या मरतीन?"

जिभाऊचं चुकत नव्हतं, हाच तर वैताग.

चिंधा मूळ बाभळ्याचा, तालुका शिंदखेडा. अठराव्या वर्षी सुरतला आला आणि ललितभाईच्या खात्यात लागला. खातं म्हणजे इकडे लूमचा कारखाना. आठ मशीन एका माणसाच्या अंगावर, बारा तासांची पाळी, आणि खुर्ची फक्त शेठच्या खोलीत. एकोणीस वर्षं काढली त्यानं तिथं. पायाच्या शिरा काकडीच्या वेलासारख्या वर आल्या. कापसाची बारीक फुसी नाकात, कानात, भाकरीत. शेवटी पैशांची जुळवाजुळव करून त्यानं बॅटरीचा टेम्पो घेतला आणि खात्याखात्यातून कोऱ्या कापडाचे ताके उचलून सचिनच्या नाहीतर कडोदऱ्याच्या मिलमध्ये पोचवायला लागला. बसून काम, वारा तोंडावर, आणि वाटेत मनात आलं तिथं थांबून बिडी. खात्यातून निघाला त्या दिवशी त्यानं सुंदराला, म्हणजे बायकोला, एवढंच सांगितलं होतं, "आते त्या लूमनी खटखट मरेपर्यंत नही."

चार वर्षं तसंच चाललं. आता अडलं ते वायरीवर. टेम्पोची बॅटरी भरायला चार तास लागतात आणि त्याला साधा, पण जाड वायरीचा, सोळा अँपियरचा पॉइंट लागतो. शहरात नव्या वस्तीकडे काचेच्या मंदिरासारखी चार्जिंग स्टेशनं उभी राहिली आहेत, पण तिथली पिन मोटारीची. चिंधा एकदा गेला होता. वॉचमननं टेम्पोकडे पाहिलं, चिंधाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आ गाडी माटे नथी, काका." गाडी बॅटरीची, स्टेशन बॅटरीचं, तरी दोघांचं जमत नाही. कडोदऱ्याच्या एका पंपावर त्याच्या गाडीचा पॉइंट आहे, एकच, आणि त्याच्यासमोर सदा सात-आठ टेम्पो. तिथं जायचं, नंबर लावायचा, चार तास बसायचं, परत यायचं, म्हणजे दिवसाच्या चार फेऱ्यांची एक होते. एका फेरीवर टेम्पो चालत नाही. टेम्पो गेला की लूम. चिंधाच्या डोक्यात हा हिशेब इतका सरळ होता.

म्हणून फेब्रुवारीत समाजाच्या हॉलमध्ये मिटिंग आहे असं कळलं, तेव्हा तो सगळ्यात पुढच्या सतरंजीवर जाऊन बसला.

मिटिंग घेणारी पोरगी गायत्री. पंचवीस-सव्वीसची. शहरात कुठं कुठं चार्जिंगचे पॉइंट टाकायचे याचा आराखडा करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. तिचा आजा नंदुरबारकडून आलेला, पण तिचं मराठी गुजरातीवर कलम केलेलं. तिनं पडद्यावर सुरतचा नकाशा दाखवला. जिथं मागणी जास्त तिथं लाल, कमी तिथं पिवळं, नाही तिथं पांढरं. डिंडोली पांढरीफटक.

"पांढरं कसं?" चिंधा बसल्या जागेवरून म्हणाला. "आमच्या चार गल्ल्यात साठच्या वर बॅटरीचे टेम्पो आहेत. रिक्षा वेगळ्या."

"असतील ना काका. पण नकाशाला माहीत नाही," गायत्री म्हणाली. "तुम्ही फॉर्म भरा. जेटला फॉर्म, तेवढं लाल. नाल्याकाठचा तो रिकामा प्लॉट मी बघितलाय, सारो छे. तिथं वीस पॉइंट बसतील. पण नकाशात लाल दिसलं तरच."

चिंधाला हे पटलं. शेतात पाणी हवं तर वाफ्याचं तोंड आपण उघडायचं, एवढीच गोष्ट. फॉर्म मोबाइलवर होता, गुजरातीत. अर्ध्या लोकांना गुजराती बोलता येतं पण वाचता येत नाही. चिंधानं दुकानांच्या पाट्या वाचून वाचून ते शिकून घेतलेलं. "मी भरस बठ्ठासना," त्यानं भर हॉलमध्ये सांगून टाकलं, आणि पुढचे वीस दिवस सगळ्यांच्या फॉर्मचं ते ओझं वाहिलं.

चहाच्या टपरीवर उभा राही, पंक्चरवाल्याजवळ, मिलच्या फाटकावर ताके उतरेपर्यंत. एकेकाला धरी. फॉर्म तसा लहान. नाव, गाम, गाडी कोणती, रोज किती किलोमीटर, आता चार्जिंग कुठं करता. त्याआधी मोबाइल एक प्रश्न विचारी, की लोकेशन देऊ का. चिंधानं पहिल्याच माणसाला देऊ म्हटलं, तर तो माणूस, कुंदन त्याचं नाव, त्याच गल्लीतला टेम्पोवाला, मोबाइलवर हात ठेवून म्हणाला, "दादा, लोकेशन नको देऊ. लोकेशन दिधं का मेमो घर येस."

"हाऊ पोलिसना फॉर्म नही रे."

"पोलिसले कोठे माहीत शे ते."

कुंदनला मागच्याच महिन्यात उलट्या बाजूनं गेल्याचा मेमो, म्हणजे दंडाचा कागद, आला होता, त्यामुळे त्याचं मत लोकांनी प्रमाण मानलं. सगळ्यांनी लोकेशनला नाही म्हटलं. राहिलं गाम.

"गाव सांग," चिंधा विचारायचा.

"कोनतं? मनं का बायकोनं?"

"तुनं रे भो."

"तं लिख, पिंपरी. तालुका बी लिख, नही तं दुसरी पिंपरी समजतीन."

असे दोनशे बारा फॉर्म झाले. साक्री, शिरपूर, पारोळा, अमळनेर, शहादा. बाभळ्याचे एकट्याचे सतरा. आमच्याकडे गाव विचारलं की माणूस छाती जरा पुढं काढून बोलतो. वीस वर्षं डिंडोलीत राहिला असला तरी गाव म्हटलं की ते गाव. डिंडोली हा मुक्काम. मुक्कामाचं नाव कोण गावाच्या जागी लिहील? चिंधानं स्वतःच्या फॉर्मवर बाभळे लिहिलं तेव्हा त्याच्या मनात शंकेचं कुसळसुद्धा नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला आराखड्याचा कच्चा नकाशा गायत्रीच्या कंपनीच्या ऑफिसात लोकांना पाहायला ठेवला. चिंधा सकाळची फेरी सोडून तिथं गेला. नव्या वस्तीकडे लाल, नदीपलीकडे लाल, हायवेला लाल. डिंडोली होती तशीच, धुतलेल्या चादरीसारखी. त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग गायत्रीचं टेबल शोधलं.

"ताई, माझे दोनशे बारा फॉर्म कुठं गेले? वीस दिवस घातले मी."

गायत्रीनं लॅपटॉप उघडला. बराच वेळ बोटं चालवली. मग तिचा चेहरा असा झाला की हसावं की नाही ते तिला ठरवता येईना. तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

सुरत एका कोपऱ्यात गेली होती. मधोमध सगळा खानदेश होता, आणि तो लालभडक पेटलेला. साक्री लाल, शिरपूर लाल, अमळनेरवर तर ठिगळावर ठिगळ. बाजूला कॉम्प्युटरनं आपल्या अकलेनं शिफारसीही करून ठेवल्या होत्या. चिंधानं एक ओळ वाचली. बाभळे, तालुका शिंदखेडा, चार चार्जर.

"बाभळ्याला चार चार्जर," तो म्हणाला. "तिथं विहिरीची मोटर चालवायला आठ तास लाइट येते. तीही कधी रातची."

"काका, गाम म्हणजे तुम्ही राहता ते. गाम एटले सुरत, डिंडोली. शहरालाही गुजरातीत गामच म्हणतात ने. तुम्ही वतन लिहिलंत, मूळ गाव. हद्दीच्या बाहेरचं सगळं मशीन आपोआप काढून टाकतं. आणि लोकेशन एकानंही दिलं नाही, नाहीतर पकडता आलं असतं."

चिंधा खाली पाहत उभा राहिला. एक अक्षर. व असता तर गाव, म असला की गाम. या अक्षराच्या फरकावर दोनशे बारा माणसं सुरतमधून उचलून तापीच्या वरच्या अंगाला नेऊन टाकली, आणि टाकणारा तोच.

"तू कुठली, ताई?" त्यानं विचारलं.

"सुरतची," गायत्री म्हणाली. विचार करायला एक क्षणही लागला नाही तिला.

हरकत घ्यायला मुदत होती तीन आठवड्यांची. फॉर्म नव्यानं भरायचे, आणि या वेळी नुसतं लिहून भागणार नव्हतं. आधी चुकीचं लिहिलं म्हणून आता सोबत पुरावा पाहिजे, सुरतच्या पत्त्याचा. लाइटबिल नाहीतर आधार.

इथं खरं दुखणं सुरू झालं. लाइटबिल घरमालकाच्या नावाचं. मालक द्यायला तयार नाही, भाडेकरू कागद मागतो म्हणजे उद्या घरच मागेल असं त्याला वाटतं. आणि आधार? चिंधानं आपलं आधार कार्ड डब्यातून काढलं. मुक्काम पोस्ट बाभळे. सुंदराचं पाहिलं. बाभळे. कुंदनकडे गेला. त्याचं साक्रीकडचं. गल्लीत ज्याचं ज्याचं पाहिलं त्याचं त्याचं गावाकडचं. फॉर्म भरताना झाली ती चूक एका दिवसाची नव्हतीच. सगळी गल्ली कागदावर कधी सुरतला आलीच नव्हती.

"बदली लेऊत पत्ता," चिंधा म्हणाला. "अर्धा दिवसनं काम शे."

कुंदन टेम्पोच्या फाळक्यावर बसून पाय हलवत होता. "दादा, आते सुरत लिखं तं गावनं रेशन कापाई जाई. मायबाप काय खातीन, तुना चार्जर?"

"वायर कापाई गयी तं तू काय खाशी?"

"ते मिरगमा दखसूत. रेशन पयली तारीखले लागस."

वादात कुंदनला हरवणं कठीण. आणि खरं बोलायचं तर चिंधानं स्वतःचा तरी पत्ता कुठं बदलला? सुंदराजवळ गोष्ट काढली तेव्हा ती चुलीवर, म्हणजे गॅसवरच, भाकरी टाकत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "गावनी यादीमा नाव नही राह्यनं तं भाऊबंद घरबी आपलं समजतीन," ती म्हणाली. "तुम्हनी गाडीकरता मी मनं घर सोडू?" आधार कार्ड पुन्हा डब्यात गेलं. पंधरा दिवस फिरून पुराव्यासकट फॉर्म झाले नऊ. त्यातले दोन रिक्षावाले उत्तर प्रदेशचे.

नऊ कागद घेऊन तो गायत्रीकडे गेला. तिनं ते मोजले नाहीत, नुसते टेबलावर सरळ केले. मग म्हणाली, "काका, एक रस्ता आहे. जागेवर तपासणी. साहेब येतील, प्लॉटवर एकाच वेळी गाड्या उभ्या दिसल्या तर नंबर लिहून घेतील. तीस-चाळीस दिसल्या तरी मी भांडीन."

"कधी?"

तिनं तारीख सांगितली. चिंधाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "ताई, त्या दिवशी आखाजी आहे."

"मला माहीत आहे. आमच्या घरीपण घागर भरतात. पण मुदत तिथंच संपते. साहेबांनी बीजी तारीख दिली नाही. मी बे वार विचारलं."

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, काय असते ते डिंडोलीत सांगावं लागत नाही. दिवाळीला माणूस एकवेळ सुरतला राहील, आखाजीला नाही. लेकी माहेरी जातात, झोके बांधले जातात, पितरांच्या घागरी भरतात, पुरणपोळी आणि आमरस. आठवडाभर आधीपासून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि गल्ली अशी रिकामी होते की कुत्रीसुद्धा कंटाळतात. नेमकी त्या दिवशी तपासणी. चिंधानं पांडुरंग जिभाऊला सांगितलं तर जिभाऊ म्हणाला, "तारीख कोनी काढी? बामननी का सरकारनी?" आणि स्वतः बॅग भरून पारोळ्याला निघून गेला.

चिंधा पुन्हा घरोघर. एक दिवस थांबा, दुपारच्या गाडीनं जा. सगळे हो म्हणाले. आमच्या माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, ही त्याची दुसरी खोड. कुंदन तर शपथेवर म्हणाला, मी थांबतो. आखाजीच्या आदल्या दिवशी चिंधा दुपारी कडोदऱ्याहून परतला तेव्हा कुंदनच्या दाराला कुलूप, आणि त्याच्या टेम्पोची चावी चिंधाच्या उंबऱ्यावर, चपलेखाली.

ती चावी हातात घेऊन तो खूप वेळ चिडत बसला. मग त्याच चावीकडे पाहताना त्याच्या लक्षात आलं. माणसं जातील. टेम्पो कुठं जातील? एका चार्जिंगमध्ये टेम्पो वाटेतलं सोनगढसुद्धा गाठत नाही, साक्री कसली. सगळे टेम्पो गल्लीतच उभे राहणार.

तो उठला आणि जे निघायचे राहिले होते त्यांना गाठायला धावला. कुणी रिक्षात बसत होता, कुणी स्टेशनच्या वाटेवर. ज्यांची घरं बंद झाली होती त्यांच्या चाव्या शेजाऱ्यांकडून मागितल्या. "चावीले गाडीना नंबर बांध," असं प्रत्येकाला बजावलं. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस चाव्या जमल्या. घरी येऊन पिशवी ओतली तर नंबर होते पाच-सहांवरच. बाकीच्यांनी चिठ्ठीवर काय लिहावं? शिरपूर. पारोळा. शिरपूर. साक्री. पुन्हा शिरपूर.

सुंदरा ते पाहून हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. ती माहेरी गेली नव्हती. नवरा थांबला म्हणून थांबली होती आणि त्या थांबण्याचा सूड भांडी आपटून घेत होती. "मायबाप वाट देखतस, आनि मी आठे चाव्या मोजस," ती म्हणाली. पण सकाळी सहाला तीच आधी तयार. पदर खोचून खाली उभी.

शिरपूर लिहिलेली एक चावी घ्यायची, गल्लीतल्या शिरपूरवाल्यांच्या तिन्ही टेम्पोंना लावून पाहायची. लागली की चालू करायची. निम्मे टेम्पो चालूच होईनात. गावी जायचंय म्हटल्यावर कुणी चार्जिंग कशाला करील? बॅटऱ्या रिकाम्या. असा टेम्पो आला की सुंदरा हँडल धरायची आणि चिंधा मागून ढकलायचा. पहिला टेम्पो तिनं नाल्याच्या कठड्याला टेकवला. दुसरा दगडावर चढवला. तिसऱ्यापासून तिला समजलं. "बैलपेक्षा बरं शे," ती म्हणाली. "जठे वळाव तठे वळस." चालू असलेल्यांतले नऊ टेम्पो तिनं एकटीनं प्लॉटवर नेले, हॉर्न वाजवत, रस्त्यात कुणी नसताना. चिंधाची कंबर गेली. ऊन वर आलं. पायाच्या शिरा टरारल्या. साडेदहापर्यंत प्लॉटवर एकतीस टेम्पो उभे होते, चार रांगांत, तोंडं एका बाजूला. आणखी आठ राहिले होते, पण तेवढ्यात मोटार आली.

मोटारीतून गायत्री उतरली आणि तिच्यामागून तिचे साहेब, भूपेंद्रभाई. पन्नाशीचे, स्वच्छ माणूस, रुमालानं मान पुसत. ते रागावलेले नव्हते, तुच्छतेनंही बोलले नाहीत. तसं असतं तर चिंधाला भांडायला सोपं गेलं असतं. त्यांनी रांगांमधून फिरून एकेक नंबर लिहून घेतला. एकतीस. गायत्रीनं चिंधाकडे पाहून मान हलवली.

"सरस," भूपेंद्रभाई म्हणाले. "ड्रायवरो क्यां छे?"

चिंधानं घाम पुसला. सहा वाजल्यापासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. त्याच्या तोंडून जे निघालं ते रोजच्या बोलण्यातलं निघालं. "घेर गया, साहेब."

"घेर? तो बोलावो ने. पांच मिनिट."

"ते घर नाही, साहेब. गाम गया. सण आहे आज."

भूपेंद्रभाईंचं पेन थांबलं. "बधा?"

"बठ्ठा," चिंधा म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला कळलं की आपण काय बोललो. पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही. "म्हणजे राहतात इथंच, साहेब. वीस-वीस वर्षं. पोरं इथल्या शाळेत."

"आधार?"

गायत्री मध्ये पडली. ती भरभर गुजरातीत बोलली, गाड्या समोर दिसतायत, नंबर सुरतचे आहेत, रोज इथंच चालतात, एवढा पुरावा बस छे. भूपेंद्रभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, की बेटा, मला खोटं वाटत नाही. पण वर कुणी विचारलं की मालक कुठं राहतो, तर मी कागद कोणता दाखवू? यांचंच म्हणणं आहे की घर दुसरीकडे आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. सुंदरा जवळ उभी होती. तिला गुजराती वाचता येत नव्हतं, तरी ती त्या पेनाकडे एकटक पाहत राहिली.

साहेब गेल्यावर एकतीस टेम्पो परत जागच्या जागी न्यायचे होते. त्या दिवशी घरात ना पुरण शिजलं ना घागर भरली. रिकाम्या बॅटरीचे टेम्पो पुन्हा ढकलावे लागले. प्लॉटला गल्लीकडून उतार होता, म्हणजे परत जाताना चढ.

मेच्या शेवटी पक्का आराखडा आला. गायत्रीचा फोन त्याआधीच आला होता. डिंडोली आता पांढरी राहिली नव्हती, फिकट पिवळी झाली होती. नाल्याकाठचा प्लॉट यादीत आला होता. दुसरा टप्पा, दोन पॉइंट, आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, हंगामी मागणी.

"हंगामी म्हणजे?" चिंधानं विचारलं.

"म्हणजे लोक येऊन-जाऊन असतात असं. मी खूप भांडले, काका. पहेलां तर तेपण देत नव्हते."

"दुसरा टप्पा कधी?"

"दोन वर्षं. कदाचित अडीच."

"बरं," चिंधा म्हणाला. पोरीवर रागवायचं कारण नव्हतं. कुणावरच रागवायचं धड कारण सापडत नव्हतं, आणि राग तर अंगात मावत नव्हता. त्यानं तो कुंदनवर काढला. आखाजीहून परत आल्यावर कुंदननं पहिलं विचारलं होतं, "व्हयनं का मंग काम, दादा?" चिंधानं त्याला नाल्यापर्यंत शिव्या घातल्या. कुंदननं त्या शांतपणे ऐकल्या आणि गावाहून आणलेली आंब्यांची पिशवी पुढं केली. चिंधानं घेतली. काय करतो?

जूनच्या दोन तारखेला पांडुरंग जिभाऊ पक्कड घेऊन वर आला. चिंधानं ती त्याच्या हातून काढून घेतली आणि वायर स्वतःच सोडवली. सुतळ्या दोन होत्या, गाठी पक्क्या बसलेल्या. जिभाऊ तिथंच उभा राहिला. "मन्हावर राग नको धरू," तो म्हणाला. चिंधानं गुंडाळलेली वायर खांद्यावर टाकली आणि जिना उतरला.

आठवडाभर त्यानं कडोदऱ्याचा पंप करून पाहिला. रोज एक फेरी, फार तर दीड. मिलवाल्यांनी डिझेलचा टेम्पो बोलवायला सुरुवात केली. नवव्या दिवशी ताके उचलायला तो ललितभाईच्या खात्यात गेला तेव्हा अंगणाच्या भिंतीवर त्याला तो दिसला. जाड वायरीचा पॉइंट, कारखान्याच्या कनेक्शनचा. त्यानं आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते. त्या दिवशीही जोडले नाहीत, नुसतं विचारलं.

ललितभाई खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "चार्ज कर ने, कोण ना पाडे छे? रोज कर. पण चार कलाक बेसी शुं करीश?" त्यांनी खात्याच्या दाराकडे हनुवटी केली. आखाजीला गावी गेलेले दोन कारागीर अजून परतले नव्हते. इतरांनी वाटून घेऊनही त्यांच्या चार मशीन बंद उभ्या होत्या. "एटलुं संभाळी ले."

चिंधानं टेम्पो भिंतीला लावला. पिन घुसवली. चार तासांची गोष्ट आहे, असं स्वतःलाच सांगत तो दारातून आत गेला. फुसी तशीच उडत होती. पहिल्याच मशीनवर ताण्याचा धागा तुटलेला. त्यानं पाहिलं आणि विचार करायच्या आत बोटांनी टोकं उचलली, गाठ मारली, दातानं उरलेला धागा तोडला आणि मशीन चालू केली. बोटांना काही विचारायची गरज पडली नाही, आणि त्यावरच तो सगळ्यात जास्त चिडला.

पाच वाजता बाहेर आला तेव्हा बॅटरी भरली होती. ललितभाईंनी खोलीच्या दारातून विचारलं, उद्या किती वाजता.

"बाराले," चिंधा म्हणाला, आणि पिन काढायला वाकला.